सावलीतलं लॉन: इंदूरच्या एमओएसमध्ये खत किती, कधी आणि तण कसं आवरायचं

एमओएसमधलं (मार्जिनल ओपन स्पेस, म्हणजे घराभोवती सोडलेल्या मोकळ्या जागेतलं) कडुनिंबाखालचं लॉन विरळ आणि फिकट दिसू लागलं की पहिला हात युरियाच्या पिशवीकडे जातो. आठवड्याभरात गवत हिरवंगार होतं आणि सगळ्यांना बरं वाटतं. महिन्याभरात तेच गवत लांब, लुसलुशीत होऊन आडवं पडतं, बुडाशी पिवळं दिसतं, आणि पावसाची झड लागली की त्यात बुरशी शिरते. मग आणखी युरिया पडतो.

इथे काय बिघडतं ते नीट समजून घ्यायला हवं. गवत आपलं अन्न उन्हातून बनवतं. युरियातलं नत्र (नायट्रोजन) म्हणजे त्याला ‘पानं वाढव’ असा हुकूम. ऊन पुरेसं असेल तर तो हुकूम पाळायला साखर तयार होत असते. सावलीत ती तयार होत नाही, म्हणून गवत मुळांत साठवलेली पुंजी काढून पानांवर खर्च करतं. मुळं आखडतात. त्याच मातीत झाडाची मुळं पाणी आणि खत ओढत असतात आणि आखडलेल्या गवताचा त्यांच्यापुढे टिकाव लागत नाही. मोकळ्या पडलेल्या जागेत तण येतं. म्हणजे सावलीतला तणाचा त्रास बहुतेक वेळा खताच्या चुकीतून सुरू होतो. म्हणून खत उन्हातल्या लॉनच्या निम्म्याहून कमी द्यायचं आणि गवत उन्हातल्यापेक्षा उंच ठेवायचं. बाकीचं सगळं याच्या पोटात येतं.

आधी ऊन मोजा

अंदाजाने ‘सावली आहे’ म्हणू नका. एखाद्या निरभ्र दिवशी सकाळी ८ ते संध्याकाळी ५ दर तासाला बाहेर जाऊन ऊन कुठपर्यंत आहे तिथे काडी रोवा किंवा कागदावर खूण करा. पानांतून गाळून येणारं चट्ट्यापट्ट्याचं ऊन अर्धं धरा. हे मोजमाप दोनदा करा, एकदा मे-जूनमध्ये आणि एकदा डिसेंबरमध्ये, कारण इंदुरात दोन्हींत फार मोठा फरक पडतो. आपण कर्कवृत्ताच्या जरासे दक्षिणेला आहोत. जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे घराच्या उत्तरेकडच्या एमओएसलाही ऊन मिळतं. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी क्षितिजापासून साधारण ४४ अंशांवर असतो; २० फूट उंच भिंतीची सावली भर दुपारी २० फुटांहून थोडी जास्तच पडते. ३० बाय ५० च्या प्लॉटवरचा मागचा, घराच्या उत्तरेला येणारा सगळा पट्टा हिवाळाभर अंधारात जातो तो यामुळेच. तिथलं गवत जानेवारीत मरतुकडं दिसलं तर तो खताचा दोष नाही.

थेट ऊन पाच-सहा तासांहून जास्त असेल तर हरळीच्या जातीचं लॉन चालतं, म्हणजे माळी ज्याला दूब म्हणतो ते किंवा नर्सरीतलं सिलेक्शन वन. तीन ते पाच तास असेल तर रुंद पानाचं सेंट ऑगस्टिन घ्या. आपल्याकडे नर्सरीत ते बरेचदा ‘बफेलो ग्रास’ म्हणून मिळतं. पान करंगळीच्या नखाएवढं रुंद आणि टोकाला बोथट असेल तर तेच. तीन तासांच्या आत कोणतंही लॉनचं गवत टिकत नाही. तिथे मोंडो ग्रास (नावात ग्रास असलं तरी हे गवत नाही) लावा किंवा फरशीचे तुकडे आणि गिट्टी टाकून वाट करा. दर जुलैला नवं गवत लावून दर फेब्रुवारीला ते मरताना बघण्यात पैसा आणि श्रम दोन्ही जातात.

थोडं ऊन वाढवता येतं. झाडाच्या खालच्या फांद्या आठ-दहा फुटांपर्यंत काढल्या तर सकाळचं आणि संध्याकाळचं तिरकं ऊन आत येतं, आणि गवताला तेवढ्या दीड-दोन तासांनीही मोठा फरक पडतो. मोठी फांदी तोडण्याआधी नगर निगमाच्या उद्यान विभागाकडे परवानगीचं विचारून घ्या.

कापणी

उन्हातली हरळी एक ते दीड इंचावर कापतात. सावलीत ती दोन ते अडीच इंच ठेवा. सेंट ऑगस्टिन तीन ते साडेतीन इंच. पान जितकं मोठं तितकं ते मिळेल तेवढं ऊन पकडतं. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. मशीन ठरावीक खाचेवर ठेवून सगळ्या आवारात एकाच उंचीवर फिरवणं ही माळ्यांची सवय आहे. सावलीच्या पट्ट्यात चाकं एक-दोन खाचा वर चढवायला सांगा, आणि पातं धार लावून घ्या. बोथट पात्याने पान फाटतं, टोकं दोन दिवसांत पांढुरकी दिसतात आणि बुरशीला दार उघडं होतं.

खताचा हिशेब

पुढचे सगळे आकडे ५०० चौरस फुटांसाठी आहेत, म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. तुमचं लॉन २५० फूट असेल तर निम्मे करा.

भर उन्हातल्या लॉनला एका वेळी चौरस मीटरला ५ ग्रॅम नत्र देतात. सावलीत २ ग्रॅम पुरे. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणून ५०० फुटांना एका वेळी २०० ग्रॅम युरिया. एवढा कमी बघून हात थबकतो, पण वाढवू नका. युरियाऐवजी अमोनियम सल्फेट मिळालं तर ते जास्त चांगलं: त्यात नत्र साधारण २०.५ टक्के, म्हणून ४५० ग्रॅम घ्यावं लागतं. मालव्याची काळी माती चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी आहे, आणि अमोनियम सल्फेट तिला किंचित आम्लाकडे नेतं. शिवाय अशा मातीवर उघडा पडलेला युरिया अमोनिया होऊन हवेत उडून जातो, म्हणून युरिया टाकला तर त्याच तासात पाणी हवंच.

डीएपी आणू नका. आपल्याकडे खताच्या दुकानात पहिलं तेच पुढे येतं, पण त्यात ४६ टक्के स्फुरद (फॉस्फेट) आहे. लागलेल्या लॉनला त्याची गरज फारशी नसते आणि मातीत साठलेलं स्फुरद लोहाला अडवून धरतं. पालाशचंही (पोटॅशचंही) तसंच: काळ्या मातीत ते सहसा भरपूर असतं. मात्र बायपासकडच्या नव्या कॉलन्यांत बिल्डरने दोन-दोन फूट मुरूम भरून वर चार इंच माती पसरलेली असते. तिथे पावसाळा संपताना सल्फेट ऑफ पोटॅश २०० ग्रॅम द्यावं, हिवाळ्यात गवत तग धरतं. कुठे खणून बघितलंच नसेल तर एका कोपऱ्यात फूटभर खोल खड्डा घ्या. खाली काय आहे ते एका मिनिटात कळतं.

टाकायची रीत. खत काट्यावर मोजा. सहा-सात किलो कोरड्या वाळूत ते मिसळा, म्हणजे मूठभर माल दूरवर सारखा पडतो. मिश्रणाचे दोन भाग करा; एक भाग पूर्व-पश्चिम चालत, दुसरा उत्तर-दक्षिण चालत फेका. पानं पूर्ण कोरडी हवीत. सकाळचं दव असेल तर दाणा पानाला चिकटतो आणि तिथे दुसऱ्या दिवशी तपकिरी ठिपका दिसतो. टाकून झालं की लगेच १५-२० मिनिटं पाणी. पाच-सहा दिवसांनी गडद हिरवे पट्टे दिसले तर फेक असमान झाली असं समजा. त्यावर पुन्हा खत टाकून सारखं करायला जाऊ नका, दोन कापण्यांत ते मिसळतं. एखाद्या जागी पिशवी सांडली तर खत आधी कोरडंच झाडूने गोळा करा आणि मग तिथे तीन-चार दिवस भरपूर पाणी सोडा.

वर्षाचा क्रम

मार्चमध्ये खताआधी झाडू. कडुनिंबाची पानगळ याच सुमारास असते, आणि पानांचा थर आठवडाभर राहिला तर खालचं गवत पिवळं पडतं. पानं जाळू नका, कचरागाडीतही देऊ नका, ती खड्ड्यात टाका. महिन्याच्या शेवटी, दोन कापण्या झाल्यावर, पहिला २०० ग्रॅमचा हप्ता द्या.

मे महिना खताचा नाही. आठवड्याला १५ ते २० मिलिमीटर पाणी पुरतं, म्हणजे ५०० फुटांना ७०० ते ९०० लिटर, दोन वेळांत विभागून आणि पहाटे. रोज थोडं शिंपडलं तर गवताची मुळं वरच राहतात आणि झाडाची मुळंही वर येतात. संध्याकाळचं पाणी टाळा. सावलीत पान रात्रभर ओलं राहतं. बोअरिंगचं पाणी जड असेल तर वर्षानुवर्षं ते माती आणखी विम्लधर्मी करतं, म्हणून शक्य तेव्हा नर्मदेचं किंवा छतावरून साठवलेलं पावसाचं पाणी द्या.

पाऊस साधारण जूनच्या तिसऱ्या आठवड्यात स्थिरावतो. दोन-तीन चांगल्या सरी झाल्यावर दुसरा हप्ता द्या. जिथे ऊन चार तासांहून कमी आहे तिथे हा हप्ता सोडून द्या आणि फक्त कंपोस्ट पसरा. थर ४ मिलिमीटरचा, म्हणजे ५०० फुटांना साधारण १९० लिटर: रंगाच्या २० लिटरच्या बादलीने साडेनऊ बादल्या. चाळून घ्या, पसरा, आणि खराट्याच्या पाठीने पानांमधून खाली ढकला. पानांची टोकं वर दिसलीच पाहिजेत. खोडाला टेकेल असा ढीग कधीही करू नका, साल कुजते.

या कंपोस्टसाठी इंदूरकरांनी बाहेर बघायची गरजच नाही. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथेच, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागेवर असलेल्या संस्थेत काम करून जी कंपोस्टची पद्धत बसवली ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि थोडी राख यांचे थर, ओल पिळलेल्या फडक्याएवढी, आणि तीन पलट्या: साधारण १६ दिवसांनी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी. तीन महिन्यांत माल तयार. मार्चची कडुनिंबाची पानं अशी लावली तर जून अखेरीस बरोबर हाताशी येतात. ढीग आतून हाताला चटका बसेल इतका तापला पाहिजे, तरच त्यातलं तणाचं बी मरतं. अर्धवट कुजलेलं शेणखत ट्रॉलीने मागवलं की त्यासोबत मोथ्याच्या गाठी आणि गाजरगवताचं बी घरपोच येतं. लॉनमधलं बरंच तण याच वाटेने आलेलं असतं.

जुलै-ऑगस्टमध्ये नत्र अजिबात नको. ओल, ऊब, सावली आणि नत्र एकत्र आले की सेंट ऑगस्टिनच्या पानांवर करडे, तपकिरी कडांचे लांबट ठिपके येतात, किंवा गोल चट्टे पडून बुडाशी पान सहज उपटून येतं. असं दिसलं तर खत आणि पाणी बंद, कापलेलं गवत गोळा करून बाहेर, आणि मशीनचं पातं धुवा.

तिसरा हप्ता सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. याच वेळी मातीला वापसा येतो, म्हणजे ती ना चिखल ना कोरडी अशी होते, आणि काळी माती टोचायची वर्षातली सर्वांत चांगली संधी हीच. मूठभर माती दाबून गोळा करा. अंगठ्याने दाबल्यावर तो भुगा झाला तर वेळ बरोबर आहे. चकाकला आणि बोटाला चिकटला तर चार दिवस थांबा, नाहीतर प्रत्येक भोकाची भिंत लिंपल्यासारखी घट्ट होते. बागेचा काटा चार इंच खोल, सहा-सहा इंचांवर रोवा, थोडा मागे हलवून काढा, वरून कंपोस्ट झाडून भोकं भरा. जाड मूळ लागलं तर जोर न लावता जागा बदला.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत खताची पिशवी बंद. थंडीत ही गवतं झोपतात. तेव्हा दिलेलं नत्र फक्त चाकवत आणि इतर हिवाळी तणाला लागतं.

पिवळं म्हणजे नेहमी भूक नाही

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता आहे. चुनखडीच्या मातीत लोह असूनही गवताला घेता येत नाही. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी असतील तर नत्र कमी. हा फरक ओळखता आला की निम्मा युरिया वाचतो. लोहासाठी हिराकस (फेरस सल्फेट) ५ ग्रॅम आणि लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) १ ग्रॅम एक लिटर पाण्यात; जास्त द्रावण लागलं तर हीच प्रमाणं धरून. आधी लिंबूफूल विरघळवा, मग हिराकस. द्रावण फिकट हिरवं हवं. गंजासारखं तांबूस झालं तर ते निकामी. संध्याकाळी ऊन उतरल्यावर पानं ओली होतील इतकं फवारा, १०-१२ दिवसांनी पुन्हा एकदा. कोटा स्टोनवर, टाइल्सवर थेंब पडला तर लगेच धुवा. गंजाचा डाग नंतर निघत नाही.

तण: नाव कळलं तर काम निम्मं

सावलीतलं तण उन्हातल्यापेक्षा वेगळं असतं. मोथ्याला, म्हणजे नागरमोथ्याला, खरं तर सावली आवडत नाही. तो उन्हाच्या कडेला आणि उघड्या चट्ट्यांत दिसतो. देठ बोटांत फिरवून बघा, तीन कडा लागल्या तर मोथाच. नुसता ओढला तर पान हातात येतं आणि गाठ खाली राहून चार दिवसांत पुन्हा फुटते. ओल असताना अरुंद खुरप्याने सहा इंच खाली जाऊन गाठीसकट उचला. साखळी तुटून एखादी गाठ राहतेच, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी तीच जागा पुन्हा. फुटवा पाच-सहा पानांचा होण्याआधी काढत राहिलं तर गाठीतला साठा संपतो. एक पावसाळा लागतो, कधी दोन. मध्येच सोडलं तर पहिल्यापासून सुरुवात.

केना हे सावलीतलं खरं दुखणं. निळं चिमुकलं फूल, रसाळ कांडं, आणि जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेराला मूळ. पण त्याची खरी खोड जमिनीखाली आहे: पांढुरक्या आखूड फांद्या मातीत शिरतात, तिथेच न उमलणारी फुलं येतात आणि तिथेच बी धरतं. वरून खुडलेला केना म्हणूनच परत येतो. बोटं मातीत घालून त्या पांढऱ्या फांद्यांसकट काढा, आणि काढलेला ढीग लॉनवर ठेवू नका. ओल्या जमिनीवर तो तिथेच रुजतो.

आंबुशीच्या शेंगा पिकल्या की हात लागताच फुटून बी दूरवर उडतं. म्हणून पिवळं फूल दिसताच काढा. भुईआवळा मुळासकट सहज निघतो. गाजरगवत फुलण्याआधी आणि हातमोजे घालूनच.

जून-जुलैत कडुनिंबाच्या निंबोळ्या पडतात आणि पंधरा दिवसांत लॉनमध्ये शेकडो रोपं उभी राहतात. दोन पानांवर असताना दोन बोटांत धरून ती सुळकन निघतात. ऑगस्टपर्यंत वाट पाहिली तर सोटमूळ पेन्सिलीएवढं खोल गेलेलं असतं. निंबोळ्या रोज झाडून घेतल्या तर हे काम उरतंच थोडं.

तणनाशकाबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: पाचशे-हजार फुटांच्या, झाडांखालच्या लॉनमध्ये ते वापरू नका. २,४-डी रुंद पानांवर चालतं, पण सेंट ऑगस्टिन त्याला हळवं आहे, आणि वाऱ्याबरोबर गेलेला थेंब तुळस, जास्वंद, टोमॅटो यांची पानं वाकडी करतो. मोथ्यासाठी दुकानदार हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के पुढे करेल. उसासाठी त्याचं प्रमाण एकरी ३६ ग्रॅम आहे. तुमच्या ५०० फुटांच्या वाट्याला त्यातलं ०.४ ग्रॅम येतं, आणि ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजता येत नाही. चुकून दहापट पडलं तर गवत आणि झाड दोघांना भोगावं लागतं. मीठ किंवा मिठाचं पाणी तर मुळीच नको: सोडियमने काळी माती आणखी घट्ट होते आणि पाणी मुरेनासं होतं.

हिरवट, निसरडा शेवाळाचा थर दिसला तर त्यावर चुना मारू नका. आपली माती आधीच विम्लधर्मी आहे. पाणी कुठे थांबतं ते शोधा: पन्हाळीचा पाइप, एसीचं पाणी, गाडी धुतल्याचं पाणी. ते वळवा, थर कोरडा झाल्यावर खरवडून काढा, आणि वापसा आल्यावर जागा टोचा.

मोकळे चट्टे

तण काढून उघडी पडलेली जागा तशीच ठेवली तर तीन आठवड्यांत तिथे दुसरं तण असतं. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात लॉनच्या दाट कडेवरून गवताच्या तीन-चार पेरांच्या काड्या मुळांसकट घ्या, चट्ट्यात वरची दोन इंच माती मोकळी करून कंपोस्ट मिसळा, आणि काड्या चार-चार इंचांवर तिरप्या लावा. एक पेर मातीत, एक बाहेर. पायाने हलकं दाबा. पाऊस उघडला तर रोज झारीने पाणी. तीन आठवडे त्यावर पाय पडू देऊ नका, दोरी बांधा. खत लावताना नाही, तर नवं पान फुटून दीड महिना झाल्यावर, आणि तेही सप्टेंबरच्या हप्त्यातूनच. पहिली कापणी गवत चार इंचांवर गेलं की, कात्रीने, फक्त वरचा इंचभर.